परतीचे भाडे

माल घेऊन पेठेला गेलेला गाडीवान परतताना रिकामी गाडी हाकीत नाही. धान्याची पोती उतरवली की तो चार दुकानांत चौकशी करतो आणि मीठ, कौले, गुळाच्या ढेपा, जे काही मिळेल ते कमी दराने गाडीत घालून घेतो. कारण बैलांना वैरण दोन्ही वाटांनी सारखीच लागते. व्यवहारात याला परतीचे भाडे म्हणतात. गोष्ट दिसावयास क्षुल्लक. परंतु जगाच्या व्यापाराचा इतिहास चाळला तर असे आढळते की, कित्येक मोठ्या उलाढालींच्या मुळाशी राजांचे तह आणि शास्त्रज्ञांचे शोध यांच्या जोडीला ही परतीच्या भाड्याची निकडही उभी असते.

थंड राखलेले अन्न विमानाने देशोदेशी नेण्याचा जो व्यापार आज जगभर पसरला आहे, त्यातील एक प्रकरण या दृष्टीने फार बोधप्रद आहे. १९७२ साली कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील पाच मासे विमानाने टोकियोस गेले. त्यापूर्वी त्या किनाऱ्यावर त्या जातीच्या माशाला नाव घेण्याजोगी किंमत नव्हती. त्यानंतर चाळीस वर्षेही लोटली नाहीत तोच, हा मासा जगातून नाहीसा होतो की काय, या चिंतेने राष्ट्रांच्या परिषदा भरू लागल्या. हे घडले कसे, हे समजण्यासाठी प्रथम शिडाच्या जहाजांच्या काळापर्यंत मागे जावे लागते.

थंडी ही विकण्याजोगी वस्तू आहे, हे मोठ्या प्रमाणावर प्रथम ओळखले ते बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने. हिवाळ्यात न्यू इंग्लंडमधील तळी गोठली की त्यांतील बर्फाच्या चौकोनी लाद्या कापावयाच्या आणि त्या जहाजाने उष्ण देशांत नेऊन विकावयाच्या, हा त्याचा उद्योग. १८०६ साली त्याने वेस्ट इंडीजमधील मार्टिनिक बेटावर पहिली खेप नेली, तेव्हा गावचे लोक त्याला हसले. १८३३ साली मात्र त्याने व त्याच्या भागीदारांनी ‘टस्कनी’ नावाच्या जहाजावर सुमारे १८० टन बर्फ चढवला. विषुववृत्त दोन वेळा ओलांडून, चार महिन्यांच्या प्रवासानंतर ते जहाज कलकत्त्यास लागले, तेव्हा सुमारे १०० टन बर्फ अद्याप शिल्लक होता. भर पावसाळी उकाड्यात आलेला तो बर्फ पाहून कलकत्त्याच्या गोऱ्या वस्तीत जो आनंद झाला, त्याची वर्णने तत्कालीन लेखनात आढळतात.

बर्फ टिकला तो भुसा आणि गवत यांच्या जाड आवरणामुळे. परंतु हा धंदा किफायतीचा ठरला तो निराळ्याच कारणाने. अमेरिकन जहाजे हिंदुस्थानातून नीळ, कातडी, ताग असा माल भरभरून नेत. पण हिंदुस्थानात आणून विकावे असे त्यांच्यापाशी फारसे काही नसे. तेव्हा तोल राहावा म्हणून तळाशी दगडाधोंड्यांचे नीरम भरून ती इकडे येत. धोंड्यांच्या जागी बर्फ घेतला तर जे काही भाडे मिळेल तो जहाजमालकाचा निव्वळ लाभच होता. म्हणूनच बर्फासारखा, वाटेत जवळजवळ निम्मा विरघळणारा माल सोळा हजार मैल आणणे परवडले. १८३४ पासून मुंबईसही अमेरिकन बर्फ येऊ लागला आणि कोटात त्यासाठी बर्फघर उभे राहिले. मद्रासचे बर्फघर तर समुद्रकाठी अद्याप उभे आहे. १८९७ साली पाश्चात्त्य देशांतून परतलेले स्वामी विवेकानंद तेथे काही दिवस राहिले होते आणि आज ती वास्तू त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पुढे यंत्राने बर्फ तयार होऊ लागला आणि हा व्यापार संपला. परंतु थंडीच्या वाहतुकीचे गणित रिकाम्या जागेवर बेतलेले असते, हा धडा त्याने घालून दिला.

यानंतरची पायरी म्हणजे यंत्राने थंड केलेली जहाजे. १८८२ च्या फेब्रुवारीत ‘डनेडिन’ नावाचे शिडाचे जहाज न्यूझीलंडमधील पोर्ट चामर्स बंदरातून सुमारे पाच हजार गोठवलेली मेंढरे घेऊन निघाले आणि ९८ दिवसांनी लंडनला पोचले. शिडे वाऱ्यावर चालत होती आणि थंडी निर्माण करणारे यंत्र मात्र कोळशावर. वाटेत थंड हवा सर्वत्र नीट खेळेना, म्हणून कप्तान स्वतः हवेच्या बोळात शिरला आणि तेथेच थंडीने बेशुद्ध पडला. खलाशांनी दोर बांधून त्याला बाहेर ओढले. एवढ्या मालापैकी एकच मेंढरू नासके निघाले. त्या एका प्रवासाने न्यूझीलंडच्या शेतीचे आणि इंग्लंडमधील कामकऱ्याच्या जेवणाचे रूप पालटले.

मग मांस, मासे, लोणी हे सारे जहाजाने जाऊ शकत असता विमानाची गरज का भासावी? येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. गोठवलेले अन्न आणि थंड राखलेले अन्न या दोन भिन्न गोष्टी आहेत. उणे १८ अंश सेल्सिअसपर्यंत गोठवलेल्या अन्नात जंतूंची वाढ थांबते आणि माल महिनोन्‌महिने टिकतो. त्याला घाई नसते, म्हणून तो जहाजाने जातो. गोठणबिंदूच्या जेमतेम वर राखलेल्या मालात मात्र नासण्याची क्रिया मंदावलेली असते, थांबलेली नसते. त्याची चव आणि पोत ताज्यासारखी राहते. पण त्याचे आयुष्य दिवसांत मोजावे लागते. विमानाचे खरे गिऱ्हाईक हा दुसरा माल होय. गोठवलेला माल विमानात चढतो तो विशेष निकडीच्या वेळी, आणि तोही बहुधा कोरड्या बर्फाच्या संगतीने. हा कोरडा बर्फ म्हणजे घनरूप कार्बन डायॉक्साइड. उणे ७८ अंशांवर तो पाणी न होता सरळ वायुरूप होतो. बंदिस्त जागेत हा वायू प्राणवायूची जागा घेतो, म्हणून विमानात तो धोक्याचा माल म्हणून गणला जातो आणि किती न्यावयाचा यावर मर्यादा असते.

विमानाने नाशिवंत माल नेण्याच्या धंद्याला दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जोर आला. सैन्यासाठी बांधलेली मालवाहू विमाने स्वस्तात विकावयास निघाली आणि ती चालविणारे वैमानिक कामाविना राहिले. चीन-ब्रह्मदेशाच्या आकाशात लढलेल्या ‘फ्लाइंग टायगर्स’ या पथकातील रॉबर्ट प्रेस्कॉट या वैमानिकाने १९४५ साली सहकाऱ्यांसह अशी विमाने घेऊन मालवाहतूक कंपनी काढली. तिच्या पहिल्याच फेरीतला माल होता कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्डची द्राक्षे, आणि मुक्काम होता अटलांटा. लष्करी विमानातून द्राक्षांचे घड उतरले, हे दृश्य त्या काळी नवलाचे वाटले असेल. पुढे १९६० नंतर जेट मालवाहू विमाने आली आणि १९७२ साली सुमारे शंभर टन माल वाहणारे बोइंग ७४७ जातीचे मालवाहू विमान फ्रँकफर्ट व न्यूयॉर्क यांच्या दरम्यान उडू लागले. जागा एकदम वाढली. आता ती भरावयाची कशाने, हा प्रश्न प्रत्येक कंपनीपुढे उभा राहिला.

जपानी विमान कंपनीपुढे तो सर्वांत बिकट होता. युद्धात होरपळलेला जपान १९७० च्या सुमारास कारखानदारीत अग्रेसर झाला होता. कॅमेरे, विजेची नाजूक उपकरणे, कापड असा हलका पण मोलाचा माल टोकियोहून विमाने भरून अमेरिका व कॅनडाकडे जाई. उलट दिशेने मात्र विमाने बव्हंशी रिकामी येत. इंधन तेवढेच, वैमानिकांचे पगार तेवढेच, विमानतळाची पट्टी तेवढीच. जपान एअरलाइन्सच्या मालवाहतूक खात्यातील अकिरा ओकाझाकी या कर्मचाऱ्यावर परतीचे भाडे शोधण्याची कामगिरी आली. माल असा हवा होता की जो जपानात महाग विकेल, फार काळ टिकणार नाही आणि म्हणून जहाजाने येऊ शकणार नाही. या कसोट्या लावीत शोध घेता घेता कंपनीच्या कॅनडातील माणसांकडून बातमी आली की, प्रिन्स एडवर्ड बेटाच्या समुद्रात प्रचंड ब्लूफिन ट्यूना सापडतात आणि तेथे त्यांना कोणी खात नाही.

ब्लूफिन ट्यूना म्हणजे कोकण किनाऱ्यावर ज्याला कुपा म्हणतात त्याच्याच कुळातील, पण आकाराने अवाढव्य असा मासा. १९७९ साली नोव्हा स्कोशियाजवळ पकडलेल्या एका माशाचे वजन ६७९ किलो भरले होते. उन्हाळा संपता संपता हे मासे हेरिंग आणि बांगड्याच्या जातीच्या माशांच्या पाठलागावर सेंट लॉरेन्सच्या आखातात येतात आणि चरबीने लठ्ठ होतात. प्रिन्स एडवर्ड बेटावर त्यांची शिकार हा हौशी लोकांचा खेळ होता. शहरातून आलेला शिकारी होडी भाड्याने घेई, तासन्‌तास झुंज देऊन मासा गळाला लावी, धक्क्यावर तो टांगून त्याच्याशेजारी उभा राहून छायाचित्र काढून घेई आणि निघून जाई. मागे उरलेल्या धुडाचे काय करावयाचे, ही पंचाईत होडीवाल्याची. कधी पौंडामागे काही सेंट देऊन कुत्र्यामांजरांच्या अन्नाचे कारखानदार ते घेत, नाही तर यंत्राने खड्डा खणून ते पुरून टाकावे लागे. बेटावरील कोळ्यांचा खरा धंदा लॉब्स्टरचा म्हणजे शेवंडीचा. ट्यूना त्यांच्या हिशेबी कचरा.

तोच मासा टोकियोच्या त्सुकिजी बाजारात राजेशाही मानाने विकला जात होता. येथेही एक विलक्षण उलथापालथ अगोदर होऊन गेली होती. जुन्या एडो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, ट्यूनाला प्रतिष्ठा नव्हती. त्याचे तांबडे मांस सोयाच्या रसात मुरवून गरीबगुरीब खात. पोटाकडचा चरबीचा भाग तर मांजरही ओलांडून पुढे जाईल असा समजला जाई. कारण उघड होते: चरबी लवकर नासते आणि बर्फावाचून ती बाजारापर्यंत चांगल्या स्थितीत पोचतच नसे. युद्धानंतर जपानात शीतगृहे झाली, मांसाहार वाढला आणि जिभेला चरबीची गोडी लागली. ‘तोरो’ हा तोच पोटाचा भाग हां हां म्हणता सर्वांत महाग तुकडा ठरला. एका देशात चरबीयुक्त ट्यूनासाठी पैसे मोजणारे लोक आणि दुसऱ्या देशात तोच मासा खड्ड्यात पुरणारे लोक, यांच्यामध्ये एक रिकामे विमान उभे होते.

परंतु मासा विमानात ठेवला की काम झाले, असे नव्हते. ब्लूफिन हा माशांमध्ये अपवादात्मक जीव आहे. बहुतेक मासे भोवतालच्या पाण्याइतकेच थंड असतात. याच्या शरीरात मात्र शिरा आणि धमन्या यांचे असे घनदाट जाळे असते की, स्नायूंत निर्माण झालेली उष्णता कल्ल्यांतून बाहेर न पडता परत आत वळवली जाते. त्यामुळे त्याचे अंग पाण्याहून दहा अंश किंवा त्याहूनही अधिक उष्ण राहते. या उष्णतेच्या बळावरच तो थंड समुद्रात वेगाने पोहतो आणि अवघा अटलांटिक ओलांडतो. पण मृत्यूच्या वेळी हेच बळ त्याच्या मांसाचे वैरी होते. गळाशी दीर्घ झुंज देताना अंग तापते, स्नायूंत आम्ल साचते आणि मांस शिजल्यासारखे फिकट व भुसभुशीत होते. जपानी व्यापारी अशा मांसाला ‘याके’, म्हणजे भाजलेले, म्हणतात. शिवाय या कुळातील मासा उबेत राहिला तर जंतूंमुळे त्यात हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते आणि ते माणसाला बाधते. एकदा तयार झालेले हे द्रव्य शिजवूनही नष्ट होत नाही.

म्हणून कोळ्यांना नवी रीत शिकावी लागली. मासा होडीवर येताच त्याचे रक्त काढावयाचे, आतडी व कल्ले काढून पोट स्वच्छ करावयाचे आणि धुडाची आतली उष्णता उतरेपर्यंत ते बर्फात बुडवून ठेवावयाचे. तीन-चारशे किलोंच्या धुडाचे काळीज थंड होण्यास बराच वेळ लागतो. वरून हात लावून थंड वाटलेला मासा आत तापलेलाच असू शकतो. त्यानंतर प्रश्न बांधणीचा. विमानाचा सांगाडा अॅल्युमिनियमचा. त्यावर खारे पाणी आणि रक्त गळले तर धातू गंजतो, म्हणून पेटीतून थेंबही बाहेर येता कामा नये. पेटी हलकी हवी, कारण भाडे वजनावर. आणि उष्णता अडवणारी हवी, कारण वाटेत बर्फ पुन्हा घालावयास कोणी नाही. अनेक प्रयोगांनंतर आतून आवरण दिलेल्या लांबट पेट्या तयार झाल्या. व्यापाऱ्यांच्या बोलीत त्यांना आजही शवपेट्या म्हणतात.

१९७२ च्या ऑगस्टमध्ये बेटावरील मासे ट्रकने न्यूयॉर्कला गेले आणि तेथून अलास्कातील अँकरेजमार्गे विमानाने टोकियोस पोचले. १४ ऑगस्टला त्सुकिजीच्या लिलावात पाच मासे मांडले गेले. त्या बाजारात पहाटे ओळीने मासे ठेवीत. प्रत्येकाची शेपटी कापलेली असे. खरेदीदार त्या जखमेत दिवा धरून मांसाचा रंग पाहत, बोटांवर घेऊन चरबी चोळून पाहत आणि मग बोटांच्या खुणांनी बोली लावीत. परदेशी मासा म्हणून त्यांनी नाके मुरडली असती तर हे प्रकरण तेथेच संपले असते. पण मासे विकले गेले आणि चांगल्या भावाने विकले गेले. जपानी धंद्याच्या इतिहासात तो दिवस उडत्या माशांचा दिवस म्हणून सांगितला जातो.

पुढचा विस्तार झपाट्याने झाला. काही वर्षांतच कॅनडा आणि न्यू इंग्लंडच्या धक्क्यांवर खरेदीदारांचे ट्रक सकाळपासून उभे राहू लागले. कालपर्यंत शिकाऱ्याला होडी भाड्याने देणारा कोळी आता स्वतः गळ टाकू लागला. एक चांगला मासा त्याच्या संसाराचा कित्येक महिन्यांचा खर्च भागवू लागला. या किनाऱ्यांवरील गरीब गावांना हा पैसा आकाशातून आल्यासारखाच होता आणि त्या गावांच्या दृष्टीने त्यात गैर काहीच नव्हते. १९८५ नंतर डॉलरच्या तुलनेत येन महाग झाला आणि जपानी गिऱ्हाइकाची ऐपत आणखी वाढली. त्याच सुमारास नॉर्वेने आपला पाळीव सामन मासा जपानात कच्चा खाण्यासाठी रूढ करण्याचा प्रयत्न आरंभला आणि तोही विमानाने जाऊ लागला. ऑस्ट्रेलियातील पोर्ट लिंकन येथे १९९१ पासून दक्षिणेकडील ब्लूफिन जाळ्याच्या पिंजऱ्यांत ओढून आणून, खाऊ घालून लठ्ठ करण्याचा धंदा निघाला. थोड्याच वर्षांत भूमध्य समुद्रातही तीच रीत पसरली.

विमानाने जाणारा ताजा मासा एकूण मासेमारीच्या मानाने थोडाच होता, हे येथे सांगितले पाहिजे. पुष्कळसा ट्यूना उणे ६० अंशांपर्यंत गोठवून जहाजाने जपानला जाई. साध्या शीतगृहाच्या थंडीत ट्यूनाचे तांबडे मांस हळूहळू काळपट होते. एवढ्या तीव्र थंडीत मात्र ते तांबडेच राहते. पण माल कोणत्याही वाटेने गेला तरी जगाच्या कानाकोपऱ्यातील कोळ्याला त्सुकिजीचा भाव कळला होता. जी वस्तू कालपर्यंत पुरून टाकत होते, तिला सोन्याचे मोल आले. ब्लूफिनला वयात येण्यास बरीच वर्षे लागतात. अटलांटिकमधील त्यांचे दोन मोठे समूह मानले जातात: एक मेक्सिकोच्या आखातात अंडी घालतो, दुसरा भूमध्य समुद्रात. अंडी घालण्यास एकत्र जमलेला थवा मोठ्या जाळ्यात एका खेपेत सापडू शकतो. बाजाराची भूक दिवसांच्या हिशेबाने वाढत होती आणि माशाचा वंश वर्षांच्या हिशेबाने.

नियम नव्हते असे नाही. अटलांटिकमधील ट्यूनांच्या संवर्धनासाठी आंतरराष्ट्रीय आयोग नेमण्याचा करार १९६६ सालीच झाला होता आणि १९६९ पासून तो अमलात आला. परंतु आयोगात बसणारी राष्ट्रे तीच, जी मासे पकडीत वा विकत घेत. २००७ साली पूर्व अटलांटिक व भूमध्य समुद्र यांसाठी आयोगाने २९,५०० टनांची मर्यादा ठरवली. शास्त्रज्ञांचा सल्ला याच्या निम्म्याचा होता, आणि प्रत्यक्षात पकडलेला माल सुमारे ६१,००० टन असावा असा त्यांचाच अंदाज होता. कागदावरची मर्यादा सल्ल्याच्या दुप्पट आणि समुद्रातली पकड मर्यादेच्या दुप्पट, असा हा हिशेब होता.

मार्च २०१० मध्ये कतारमधील दोहा येथे दुर्मिळ जीवजातींच्या व्यापाराविषयीची परिषद भरली. ब्लूफिनच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वस्वी बंदी घालावी, असा प्रस्ताव मोनॅको या चिमुकल्या राष्ट्राने मांडला. जपानचा त्यास कडवा विरोध होता. परिषद चालू असतानाच जपानी वकिलातीच्या मेजवानीत पाहुण्यांना ब्लूफिनचीच सुशी वाढण्यात आली. प्रस्तावाच्या बाजूने २० मते पडली आणि विरुद्ध ६८. ३० राष्ट्रे तटस्थ राहिली. प्रस्ताव फेटाळला गेला. परंतु या प्रस्तावाच्या धास्तीचा एक परिणाम झाला. बंदीचे सावट डोक्यावर आलेल्या आयोगाने अखेर शास्त्रज्ञांचे ऐकले. पूर्वेकडील मर्यादा २०१० साठी १३,५०० टनांवर आणि २०११ साठी १२,९०० टनांवर आणली गेली, लहान मासे पकडण्यास आळा बसला आणि प्रत्येक माशाची कागदपत्रे तपासली जाऊ लागली.

मासा परत आला. भूमध्य समुद्रात त्याचे थवे पुन्हा दिसू लागले; २०२३ पासूनच्या तीन वर्षांसाठी तेथील वार्षिक मर्यादा ४०,५७० टनांपर्यंत वाढवता आली. सप्टेंबर २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने अटलांटिक ब्लूफिनला संकटग्रस्त जातींच्या वर्गातून काढून कमीत कमी चिंतेच्या वर्गात घातले. निसर्गाला थोडी उसंत दिली तर तो किती उदार होतो, याचे हे प्रसन्न उदाहरण खरे. पण त्याच निवेदनात एक वाक्य आणखी होते: मेक्सिकोच्या आखातात अंडी घालणारा पश्चिमेकडील समूह चार दशकांत निम्म्याहून अधिक घटलेला आहे. प्रिन्स एडवर्ड बेटाच्या समुद्रात चरावयास येणारे मासे बहुतांशी याच समूहातले. ज्या थव्यातून पहिले पाच मासे विमानात चढले, त्याची भरपाई अद्याप झालेली नाही.

हा इतिहास दूरदेशीच्या माशाचा म्हणून बाजूला सारता येण्याजोगा नाही. विमानाच्या पोटातील जागेवर उभा असलेला व्यापार कोकणच्या हापूसलाही परका नाही. अमेरिकेने कित्येक वर्षे भारतीय आंब्याला दार बंद ठेवले होते. २००७ साली ते उघडले ते नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे, भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या केंद्रात आंब्यांवर किरणांचा मारा करण्याची सोय झाल्यावर. त्यामुळे फळातील कीड निष्प्रभ होते. आंब्याची थंडी माशाच्या थंडीहून निराळी. सुमारे १३ अंशांखाली तो फार काळ राहिला तर साल डागाळते आणि फळ पिकतच नाही. मासा उबेने नासतो, आंबा गारठ्यानेही बिघडतो. दोहोंना पोचवणारे विमान मात्र एकच. जगातील विमानी मालापैकी जवळजवळ निम्मा माल प्रवाशांच्या पायांखालील तळघरातून जातो. मार्च २०२० मध्ये साथीमुळे प्रवासी विमाने थांबली, तेव्हा कोकणातील बागायतदाराला ऐन हंगामात कळले की, आपला आंबा परदेशी जात होता तो दुसऱ्याच कोणाच्या प्रवासाच्या जोडीने. प्रवासी घरी बसला, आंबाही बसला.

विमानाने जाणारा माल वजनाने जगाच्या व्यापाराचा शंभरावा हिस्साही नाही. किमतीने मात्र तो सुमारे तिसरा हिस्सा आहे. थोड्या वजनात एवढे मोल मावते, याचा अर्थ ज्या वस्तूवर विमानाची नजर पडते तिचे भाग्य एकदम पालटते. ते कोणत्या बाजूस पालटेल, हे विमान सांगू शकत नाही. एक टन माल एक मैल नेण्यास विमान जहाजाच्या कित्येक पट इंधन जाळते. तो खर्च भाड्याच्या पावतीवर पुरता उमटत नाही, तसाच समुद्रातील थव्याचा खर्चही तीवर उमटत नाही.

ओकाझाकी आणि त्याचे सहकारी यांना दोष देण्याचे कारण नाही. वाया जाणारी जागा आणि वाया जाणारा मासा यांची त्यांनी गाठ घालून दिली, आणि त्या दिवशीच्या हिशेबात दोन्ही बाजूंना नफाच दिसत होता. ट्यूडरच्या हिशेबातही असाच नफा दिसला होता. पण त्याच्या तळ्यांतील बर्फ कितीही कापला तरी पुढच्या हिवाळ्यात पुन्हा गोठत असे. समुद्रातील मासा तसा गोठून तयार होत नाही. तो अंड्यातून निघावा लागतो, वर्षानुवर्षे वाढावा लागतो आणि पुन्हा आपल्या जन्माच्या आखाताकडे वळावा लागतो. त्याला तेवढी मुदत द्यावयाची की नाही, हे टोकियोच्या लिलावात ठरत नाही. ते आयोगाच्या बैठकीत, टनांचा आकडा लिहिताना ठरते. तो आकडा शास्त्रज्ञांच्या सल्ल्याबरहुकूम लिहिला गेला तेव्हा मासा वाढला आणि सल्ला डावलून लिहिला गेला तेव्हा तो घटला, एवढे तरी गेल्या पन्नास वर्षांच्या अनुभवाने निःसंशय सिद्ध झाले आहे.